एकच डाव अजून

मागच्या वर्षी अब्बांना इस्पितळात दाखल केलं, तेव्हा रात्रीची पाळी माझ्याकडे होती. बाहेरच्या बाकावर झोप येत नसे. हातात तसबीह असली तरी मन आतल्या यंत्रांच्या आवाजामागे धावे. अशाच एका रात्री मोबाइल चाळताना टेट्रिस दिसला. आठवीतल्या मुलाने कधीतरी टाकून ठेवलेला. उघडला तर खेळ ओळखीचा निघाला. माझ्या लहानपणी मामूंनी कुवेतहून आणलेला, सेलवर चालणारा ‘ब्रिक गेम’ तो हाच!

ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. पडद्यावर दहा घरं रुंद आणि वीस घरं उंच अशी एक विहीर असते. वरून एकेक ठोकळा उतरतो. प्रत्येक ठोकळा चार चौकोनांचा, आणि आकार फक्त सात. तो फिरवून, सरकवून बसवायचा. आडवी रांग पूर्ण भरली की नाहीशी होते. १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव यांनी हा खेळ बनवला. ग्रीकमधला ‘चार’ आणि त्यांचा आवडता टेनिस, यांची सांगड घालून नाव ठेवलं.

अब्बा त्या आजारातून उठले नाहीत. घरी परतल्यावर डोळे मिटले की ती शेवटची रात्र समोर येई. खेळताना मात्र येत नसे. हा केवळ माझा भ्रम नव्हता, हे पुढे वाचनात आलं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००९ मध्ये काही लोकांना अपघातांची भीषण दृश्यं दाखवली. त्यानंतर ज्यांना हा खेळ दिला, त्यांना ती दृश्यं पुढच्या दिवसांत कमी वेळा आठवली. नजर आणि मन आकारांत गुंतलं की दुसऱ्या चित्राला जागा उरत नाही. पण त्या लोकांनी खेळ खेळला दहा मिनिटं. मी रोज दोन-दोन तास खेळत होते.

मग एक दिवस जुहरच्या नमाजेत सजद्याच्या जागेवर नजर होती, आणि माझ्या लक्षात आलं की मी फरशीचे चौकोन मनात जुळवते आहे. तिसरी रकात की चौथी, हेही आठवेना. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली याच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दिवसा खेळलेल्यांना झोप लागताना ठोकळे पडताना दिसतात. स्मृती गेलेल्या रुग्णांनाही दिसले, ज्यांना आपण खेळलो हेच आठवत नव्हतं! झोप उशिरा, म्हणून फजर कजा होऊ लागली. अब्बांची एक फजर कधी चुकलेली मी पाहिली नव्हती.

शेवटी मुलानेच विचारलं, “अम्मी, मला नऊ वाजता मोबाइल ठेवायला लावतेस, आणि रात्री दीड वाजता तुझ्या खोलीत उजेड कसा?” शाळेत पालकसभेत मोबाइलवर मीच बोलते. उत्तर सुचेना. “झोप येत नाही रे,” एवढंच म्हणाले. तो म्हणाला, “तू खेळतेस पण वाईट. दे इकडे, दाखवतो.”

त्याने दाखवलं ते असं. आलेला ठोकळा बघायचाच, पण बाजूच्या चौकटीतला पुढचाही बघायचा. ढीग सपाट ठेवायचा, खाली भोक राहू द्यायचं नाही. एका कडेची उभी पट्टी मोकळी सोडायची आणि लांब दांडी आली की तिथे उतरवायची. चार रांगा एकदम जातात. जुन्या निन्टेंडोच्या खेळात पहिल्या पातळीवर एका रांगेचे ४० गुण आणि चारांचे मिळून १२००. मात्र ढीग अर्ध्याच्या वर गेला की दांडीची वाट बघायची नाही. मिळेल ती रांग घालवून खाली यायचं. मी नेमकी तिथेच हटून बसायचे.

आणखी एक कळलं. माझा पहिला डाव बरा, दुसरा उत्तम, आणि चौथ्यापासून घसरण. रात्रीचे सगळे डाव रद्दी. “एकच डाव अजून” म्हणून खेळलेला डाव तर कधीच चांगला झाला नाही. यात जिंकणं नसतं, ठोकळे येतच राहतात. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला तेरा वर्षांचा मुलगा त्या निन्टेंडोच्या खेळात इतका पुढे गेला की खेळच गोठून पडला, आणि जगभर त्याची बातमी झाली. आपल्यासारख्यांना तो कुठून थांबवणार!

म्हणून आता अस्रनंतर तीन डाव. हिवाळ्यात मगरीब लवकर होते, तेव्हा दोनच. कोपर उशीवर टेकवते, नाहीतर अंगठा दुखतो. डावांच्या मध्ये उठून खिडकीतून लांबच्या कडुनिंबाकडे बघते. मगरीबनंतर मोबाइल कपाटावर, माझाही आणि त्याचाही. पहिले आठ-दहा दिवस कठीण गेले. अब्बांची आठवण रात्री आली की आता उठून दुआ करते, रडू आलं तर रडते. फजर अजून एखादी चुकते, पण पूर्वीसारखी नाही.

मुलगा माझ्या शेजारी बसून बघतो आणि ओरडतो, “अम्मी, दांडीची वाट बघू नकोस!” काल त्याचं न ऐकता थांबले. दांडी आली, चार रांगा गेल्या. तो म्हणाला, नशीब होतं.