धारूरच्या तटावर ब्रह्मदेश

जॉन मास्टर्सचं ‘द रोड पास्ट मंडाले’ वाचलं आणि बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या किल्ल्यावर जायचं ठरवलं. मास्टर्स चौथ्या गुरखा रायफल्सचा अधिकारी. १९४४ साली ब्रह्मदेशात, जपान्यांच्या पिछाडीच्या रानात, त्याच्याकडे १११ ब्रिगेड होती. ‘ब्लॅकपूल’ नावाच्या ठाण्याला दाणा आणि दारूगोळा विमानातूनच यायचा. मे महिन्यात पाऊस कोसळला, जपानी तोफांनी धावपट्टी धरली, रसद आटली. २५ मे रोजी ठाणं सोडताना, ज्यांना उचलून नेणं शक्य नव्हतं अशा १९ जखमींना गोळ्या घालण्याचा हुकूम त्याला द्यावा लागला. त्या पानावर मी फार वेळ अडकून पडलो; रसद तुटली की काय होतं, हा विचार धारूरपर्यंत सोबत राहिला.

बीडच्या लॉजवर रात्रभर डास आणि बंद पंखा. अंबाजोगाईला योगेश्वरीचं उभ्या उभ्या दर्शन घेतलं, इतिहासाच्या एका प्राध्यापकांना गाडीत घेतलं आणि धारूर गाठलं. बालाघाटाच्या कड्यावरचा हा किल्ला १५६७ च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखानानं बांधला. तीन बाजूंना दऱ्या, गावाकडच्या चौथ्या बाजूला खंदक.

“डोंगरातला माणूस गनिमी लढाई उपजतच जाणतो,” प्राध्यापक तटावरून दरी दाखवत म्हणाले. “मलिक अंबरची माणसं घ्या, नाहीतर तुमचे गुरखे.”

मला ते मुळीच पटलं नाही. १९४३ साली ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीला घुसलेल्या पहिल्या चिंडिट मोहिमेआधी दुसऱ्या गुरखा रायफल्सच्या तिसऱ्या पलटणीला मध्य प्रांतातल्या सागरकडच्या जंगलात तालीम घ्यावी लागली होती. नेपाळचे डोंगर वेगळे, ब्रह्मदेशातलं रान वेगळं. आणि निजामशाहीसाठी मोगलांशी लढलेल्या अंबरचं खरं हत्यार होतं मोगलांची रसद तोडणं. त्याचे हलके स्वार दाणावैरणीच्या तांड्यांवर तुटून पडत.

“मग धारूर पडलं कसं?” त्यांनी विचारलं.

१६३१ साली मोगल सरदार आझमखानानं निजामशाहीकडून धारूर घेतलं, तेव्हा अंबरला जाऊन पाच वर्षं झाली होती. १६३० च्या पावसानं दगा दिल्यामुळे दख्खनभर माणसं अन्नावाचून मरत होती. पुढे हाच आझमखान परांड्याच्या किल्ल्यावर गेला, आणि घोड्यांना वैरण मिळेना म्हणून वेढा उठवून परतला. दुष्काळ काही फक्त निजामशाहीवर आला नव्हता.

खाली गावात चहा घेताना प्राध्यापकांनी डोंगरातल्या माणसाचा मुद्दा पुन्हा काढला. मी ऐकलं नाही. ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर घाटाकडे वळत होते. आम्ही परांड्याचा रस्ता धरला.