अंडी दोघांचीही, दूध एकीचेच

बांधावर घोरपड दिसली की आपली पोरे दगड घेऊन धावतात. (कायद्याने तिला मारायला बंदी आहे, हे त्यांना सांगायचे कोणी?) तिच्याच कुळातला सर्वांत दांडगा भाऊबंद पाहायचा, तर इंडोनेशियातील कोमोडो किंवा रिंचा बेटावर उतरावे लागेल. कोरड्या दिवसांत ही बेटे आपल्या माळासारखीच पिवळी पडतात. वाटाड्याच्या हाती बेचक्याची लांब काठी असते. तुम्ही त्याची पाठ सोडू नका.

तेथील लोक या प्राण्याला ‘ओरा’ म्हणतात; जग म्हणते कोमोडो ड्रॅगन. लांबी १० फुटांपर्यंत, वजन ७० किलोच्या आसपास. हरणच काय, म्हैसही तो लोळवतो. त्याच्या घाण लाळेने जखम चिघळते आणि जनावर मरते, असे पूर्वी सांगत. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या जबड्यात विषाच्या ग्रंथी दाखवून दिल्या.

आता समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात चला. दिवस मावळताना एखाद्या ओढ्याकाठी गप्प बसा. पाण्यावर तरंग उठेल आणि मांजराहून लहान, दाट केसांचा, बदकाच्या चोचीचा प्राणी वर येईल. हा प्लॅटिपस. १७९९ साली इंग्लंडात याचे वर्णन लिहिणाऱ्या पंडिताला, कोणी चोच शिवून चेष्टा तर केली नाही ना, अशी शंका आली होती! बुडी मारताना हा डोळे-कान मिटतो आणि किड्यांच्या अंगातली सूक्ष्म वीज चोचीने हेरून त्यांना पकडतो. गरीब दिसतो, पण नराच्या मागच्या पायाला विषारी काटा असतो.

म्हणजे विष दोघांनाही, अंडीही दोघांची. पण ओराचे पिलू अंड्यातून निघताच झाडावर पळते, कारण खाली थोरले ओरा त्यालाच गिळतात. प्लॅटिपसची आई मात्र काठावरच्या बिळात, दार मातीने लिंपून, अंडी पोटाशी धरते. तिला आचळ नाहीत. दूध कातडीतून पाझरते आणि पिले ते केसांवरून चाटतात.

गुरे पाण्यावर उतरली की काठ ढासळतो आणि ही बिळे बुजतात. म्हणून तेथील काही शेतकऱ्यांनी ओढ्याला तारेचे कुंपण घातले आहे, काठावर झाडे लावली आहेत. गुरांसाठी हौद वर, शेतातच बांधला आहे.