अंगठ्याच्या मुळाशी

बाळंतिणीच्या खोलीतल्या शेपा-ओव्याच्या वासात एखाद्या दिवशी मलमाचा झणझणीत वास मिसळतो आणि घरचं निदान ठरून जातं: मनगट लचकलं. मग चोळणं आलंच. पण या दुखण्यात बहुधा खोट कंडरांमध्ये नसते, त्यांच्या वाटेत असते. अंगठा उघडणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेला हाडावरच्या चिंचोळ्या पन्हळीतून, बुळबुळीत आवरणात सरकत जातात. नेफा आटला की धडधाकट नाडीही अडते, तसंच हे. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ डी क्वेरवेन यांनी १८९५ मध्ये हे दुखणं पाच रुग्णांवरून मांडलं. सर्वांत बोलका पुरावा शस्त्रक्रियेचा: सर्जन पन्हळीचं फक्त छत उघडतो, कंडरांना हात लावत नाही, तरी वेदना जाते. मग स्टिरॉइडच्या इंजेक्शनने बऱ्याच जणींना आराम कसा पडतो? सूज उतरते म्हणून, असं सहज म्हणता येईल; पण जुन्या दुखण्यातलं आवरण सूक्ष्मदर्शकाखाली सुजेपेक्षा जाडावलेलंच जास्त दिसतं. शिवाय काहींच्या पन्हळीत मधोमध पडदा असतो, औषध एकाच कप्प्यात राहतं आणि इंजेक्शन फुकट जातं. इथेही प्रश्न जागेचाच.

पिळे पिळणाऱ्या, बाळाला काखांत अंगठे ताणून उचलणाऱ्या सगळ्याच बायकांना हे का होत नाही, असा आक्षेप रास्त आहे. पन्हळ प्रत्येकीची वेगळी, आणि गरोदरपण-बाळंतपणात शरीरात पाणीही साठतं. नुसत्या कामावर खापर फोडता येत नाही. पाडुआचे प्राध्यापक बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७१३ मध्ये कारकुनांच्या दुखण्यांची कारणं लिहिली, ती सततची बैठक, एकाच दिशेने चालणारा हात आणि डोक्यावरचा ताण. तिसरं कारण धुण्याच्या दगडाशीही लागू पडावं, पण तिथे कोण विचारतो! माझा राग ‘हाताला आराम द्या’ या सल्ल्यावर आहे. सल्ला अचूक आहे. अंगठा पट्ट्यात बांधून ठेवला की दुखणं बरेचदा ओसरतं. पण बाळ कोण उचलणार, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं, म्हणून पट्टा खुंटीवर आणि अंगठा कामाला.

चोळण्याचा हट्ट दुसऱ्याच एका ठिकाणी जिवावर बेततो. मासळीचा काटा किंवा सुई बोटात रुतते, जंतू तिथल्या कंडरेच्या आवरणात शिरतात आणि पू त्या नळीभर पसरतो. शिकागोचे ॲलन कॅनाव्हेल यांनी हाताच्या जंतुसंसर्गावर १९१२ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यांच्या नावाच्या खुणा आजही तपासतात: बोट सगळीकडून सारखं सुजलेलं, किंचित वाकलेलं, तळव्याकडून कंडरेच्या रेषेत दाबलं तर दुखणारं, आणि दुसऱ्याने सरळ केलं की कळ मस्तकात नेणारं. अशा बोटाला मलम नको, त्याच दिवशी रुग्णालय हवं. उशीर झाला तर कंडरा कुजते आणि बोट कायमचं आखडतं.