न हलणारा काटा

आमच्या दारात एक जुनी विलीज जीप उभी आहे. दुसऱ्या महायुद्धातली, डाव्या हाताला स्टिअरिंग असलेली. लष्कराने विकून टाकलेली ही गाडी वडिलांनी तिसऱ्या हाताने घेतली होती. तिच्या पेट्रोलच्या काट्याने मला एकदा चांगलाच धडा शिकवला. तो आज सांगतो.

१९९६ सालचा श्रावण. मी नुकताच शेतीखात्यात लागलो होतो. जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या आमच्या गावात तेव्हा फोन नव्हता. रात्री दहाच्या सुमारास शेजारच्या वहिनींना कळा सुरू झाल्या. गावात दुसरी गाडी नव्हती. मी काट्याकडे पाहिले. अर्धी टाकी! "चला," म्हणालो आणि निघालो.

निम्म्या वाटेवर, भर पावसात, जीप आचके देऊन थांबली. काटा अजूनही अर्ध्यावरच होता. टाकी मात्र कोरडी ठणठणीत. मागे वहिनी विव्हळत होत्या, त्यांच्या सासूबाई देवाचा धावा करीत होत्या. पाऊण तासाने एक टेम्पो आला आणि त्याने सगळ्यांना दवाखान्यात पोचवले. पहाटे मुलगा झाला. दोघेही सुखरूप होती.

"भाऊजी, काट्यानं फसवलं, तुमचा काय दोष?" असे वहिनी पुढे म्हणाल्या. पण मला माझा दोष ठाऊक होता. चार दिवस मी जीप फिरवीत होतो आणि काटा अर्ध्यावरून हलला नव्हता. मी मनात खूश होतो, की गाडी पेट्रोल कमी पिते आहे!

पुढच्या रविवारी गावातल्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या वायरमन काकांना बोलावले. ते म्हणाले, "साहेब, काट्याची वाट तीन ठिकाणी अडते. मीटरमध्ये, तारेत, नाहीतर टाकीत. एकेक तपासायचं. आधीच सगळं उघडायचं नाही."

या जीपची टाकी चालकाच्या सीटखाली असते. टाकीत दांडीला जोडलेला एक तरंगा असतो. पेट्रोलबरोबर तो वरखाली होतो, दांडीचे दुसरे टोक बारीक तारेच्या वेटोळ्यावर सरकते आणि त्याप्रमाणे मीटरकडे जाणारा प्रवाह कमीजास्त होतो. काकांनी टाकीवरची तार सोडवली, किल्ली बंद असतानाच ती गाडीच्या लोखंडाला घट्ट बांधली आणि मग किल्ली फिरवली. काटा सरसर टोकाला गेला. कोणत्या टोकाला जातो, हे मीटरच्या जातीवर असते. तो हलला, हे महत्त्वाचे. म्हणजे मीटर आणि तार दोन्ही ठीक. लगेच किल्ली बंद केली. मग टाकीचे अर्थिंग खरवडून साफ केले. तरी फरक पडेना. दोष टाकीतच होता.

बॅटरीची तार काढून, उघड्यावर, विडीकाडी दूर ठेवून तरंगा बाहेर काढला. दांडी गंजाने जाम झाली होती, नेमकी अर्ध्यावर! उन्हाळाभर जीप अर्ध्या टाकीवर उभी होती. रिकाम्या भागात दमट हवेचे पाणी धरते आणि गंज चढतो. तरंगा पितळी होता. तो हलवून पाहिला, आत पेट्रोल शिरले नव्हते. शिरले असते तर तो बुडाला असता आणि भरल्या टाकीलाही काट्याने रिकामी म्हटले असते. गंज काढला, दांडी मोकळी केली, नवे वॉशर घालून बसवले. मग पाच-पाच लिटर पेट्रोल ओतले आणि दर वेळी कडुनिंबाच्या कोरड्या काठीवर खूण केली. ती काठी आजही सीटमागे आहे. लांब जायचे असले की काट्यावर नाही, काठीवर विश्वास ठेवतो.

त्या दिवसापासून माझी नोकरीतली बोलीही बदलली. फवारणीआधी पंपाची नळी पाण्याने तपासा, पेरणीआधी मूठभर बियाणे ओल्या गोणपाटात उगवून पाहा, असे मी लोकांना सांगत असे. स्वतः मात्र चार दिवस एकाच जागी उभा असलेला काटा खरा मानला होता. थोडा खोटा असला तरी हलणारा काटा चालतो. सारखे एकच सांगणारा काटा मात्र आधी तपासावा.

त्या रात्रीचा मुलगा आज घरची शेती पाहतो. परवा ट्रॅक्टर घेऊन निघाला होता. मी विचारले, "डिझेल पाहिलंस का?" तो हसला आणि म्हणाला, "काका, काठी घालून पाहिलंय. आई तशी सोडतच नाही."