शनी जवळ, पुळण लांब

शनी जवळात जवळ आला, तरी सुमारे १२० कोटी किलोमीटर दूर असतो. दुर्बीण ते अंतर चुटकीसरशी गिळते. अडतं ते दोनशे पावलांत! तारकर्लीला माझ्या मेव्हण्याच्या अंगणातून माडांमुळे आकाश दिसत नाही, ते पुळणीवर. आणि त्यानं घरीच केलेल्या दुर्बिणीचं वजन ४० किलो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर येणाऱ्याजाणाऱ्याला तारे दाखवणारे जॉन डॉब्सन आधी वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी होते. दुर्बिणीला चाकं लावून ते ती मठाबाहेर हिंडवीत. १९६७ साली मठानं त्यांनाच बाहेर काढलं. मेव्हण्याला ती धास्ती नव्हती. आमच्या मठाच्या प्रमुख, म्हणजे सासूबाई, स्वतःच शनी बघायला टपल्या होत्या.

कपाटाची चाकं वाळूत रुततात. म्हणून फणसाच्या फळीला स्कूटरची जुनी चाकं लावली आणि हवा थोडी कमी ठेवली. टायर पसरतो, वजन विभागतं, आरशांना हादरेही कमी बसतात. शिवाय तीन लांब बोल्ट. पुळणीवर पोचलं की त्यांखाली फळकुटं सारून चाकं अधांतरी करायची. नाहीतर रबरावर शनी फुगडी घालतो.

पहिल्या फेरीत दुर्बीण गेली. दुसऱ्या फेरीत, गुडघ्यांनी असहकार पुकारलेल्या सासूबाई. त्यांनी डोळा लावला, कडी पाहिली. बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "जावयबापू, इतकोसो? आणि ह्येका मी साडेसात वर्सां त्याल घातलंय!"