मिलिमीटरभर अलीकडे

जुन्या मॅन्युअल लेन्सवर अंतराचे आकडे संपतात तिथे एक आडवा इंग्रजी आठ कोरलेला असतो. अनंत. त्या खुणेपाशी ३,८४,४०० किलोमीटरवरचा चंद्र आणि मागचा व्याध यांत लेन्स काही फरक करत नाही. मला हा उर्मटपणा आवडतो.

माझी लेन्स ताईर-३. ३०० मिलिमीटर, एफ ४.५, सोव्हिएत बनावटीची. हिच्याच भावंडांना बंदुकीसारखा दस्ता आणि घोडा लावून 'फोटोस्नायपर' म्हणून विकत. तो देश नकाशावरून गेला; लेन्सचे एम-४२ आटे अजून शाबूत आहेत. आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर ती चढवायला मधे ॲडॅप्टर लागतो. ॲडॅप्टर म्हणजे काय, तर आत काच नसलेली धातूची नळी. पण सगळं त्या नळीच्या लांबीवर अडलेलं असतं. या आट्यांच्या लेन्सची बैठक फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटरवर ठरलेली. निकॉनच्या एसएलआरमध्ये हेच अंतर ४६.५. जेमतेम एक मिलिमीटर जास्त! साधी रिंग लावली, तर तेवढ्यानं ३०० मिलिमीटरची नजर ऐंशी-नव्वद मीटरवरच थबकते. समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे लख्ख दिसतील, चंद्र मात्र फिसकटलेला. मिररलेसमध्ये जागा मुबलक असते, म्हणून नळी करणारे ती बहुधा किंचित आखूडच ठेवतात. मग लेन्स अनंताच्याही पुढे जाते आणि कोरलेल्या खुणेवर विसंबून चालत नाही. स्क्रीनवर चंद्राचा काठ मोठा करून घ्यायचा आणि रिंग केसभर पुढे, केसभर मागे करत बसायचं. हवा लहरत असेल तर काठही लहरतो. तो क्षणभर स्थिर झाला की बटण दाबायचं.

एवढं करून सेन्सरवर चंद्र पडतो २.७ मिलिमीटरचा, तांदळाच्या कणीएवढा. माझ्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्याचा व्यास सातशेच्या आसपास पिक्सेल भरतो. म्हणजे ८५ किलोमीटर रुंदीचं टायको विवर जेमतेम सतरा पिक्सेलमध्ये आटोपलं. तरी ते ओळखू येतं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

रात्र आहे म्हणून कॅमेरा उजेड वाढवतो आणि चंद्राची पांढरी थाळी करून टाकतो. त्याचं ऐकायचं नाही. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड, तोही डांबरी रस्त्यासारखा काळपट. पडलेल्या उजेडातला बारा टक्केच परत देणारा. एफ ११, आयएसओ १००, शटर सेकंदाचा शंभरावा भाग, की काम झालं. १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर चंद्र दिसला तेव्हा छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सना प्रकाशमापक सापडेना. चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ होती. त्यावरून त्यांनी एक्स्पोजर बेतलं.

पौर्णिमेला मी फारसा कॅमेरा काढत नाही. सावल्याच नसतात, सगळं सपाट. त्यापेक्षा संकष्टीचा चंद्र बरा. उगवताना तो वरच्या बाजूनं झिजलेला असतो. मेअर क्रिसियमचा गोल डाग तेव्हा अंधारात शिरत असतो किंवा नुकताच शिरलेला असतो. त्या रात्री गच्चीवर गर्दीही असते. शेजारच्या आजींना एकदा स्क्रीनवर चंद्र दाखवला. "यातला नको रे, खरा दाखव," म्हणाल्या. इमारतीमागून तो वर येईपर्यंत त्या ताट धरून उभ्या होत्या.

ताऱ्यांपुढे ही लेन्स गरीब होते. आकाश सरकतं, त्यामुळे ३०० मिलिमीटरला सेकंदभराहून जास्त शटर उघडं ठेवलं की ठिपक्यांच्या रेघा होतात. मृगातला तेजोमेघ हवा असेल तर सेकंदासेकंदाचे ढीगभर फोटो एकावर एक रचायचे. चंद्राचा उजेड सव्वा सेकंदापूर्वी निघालेला, या मेघाचा सुमारे १,३०० वर्षांपूर्वी, बदामीच्या चालुक्यांच्या काळात. दोन्हींसाठी रिंग एकाच जागी.

ठळक ताऱ्यांभोवती मात्र जुनी काच जांभळी कड सोडते. संगणकावर ती पुसता येते. चंद्राच्या फोटोतली मी पुसतो, ताऱ्यांभोवतीची तशीच ठेवतो. का, ते पटेलसं सांगता यायचं नाही.