बीदर–कलबुर्गीची वाट आणि मुक्कामाची चिंता

प्रवासास निघणाऱ्या कुटुंबाला काय पाहावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. रात्री पाठ कोठे टेकावी हे सांगणारा मात्र विरळाच. वस्तुतः लेकुरवाळ्या कुटुंबाच्या खर्चाचा मोठा वाटा आणि मनस्तापाचा त्याहून मोठा वाटा मुक्कामाच्या जागेपायीच जात असतो. गाडीवरून उतरल्यावर डोईवर बोचके, कडेवर पेंगुळलेले मूल आणि सोबत गुडघे धरून चालणारी म्हातारी, अशा अवस्थेत 'जागा नाही' हे दोन शब्द ऐकावे लागणे म्हणजे काय, हे संत योसेफ व पवित्र मारिया यांचा बेथलेहेमचा प्रसंग दरवर्षी नाताळात ऐकणाऱ्या आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

मराठवाड्याच्या पूर्वेस, उदगीर–निलंग्याच्या पलीकडे, बीदर व कलबुर्गी हे दोन जिल्हे आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा निजामाच्या राज्यातील जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हा भाग मराठी मुलखाकडे आला; जहिराबाद तेलुगू मुलखाकडे गेला; खुद्द बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद हे म्हैसूर राज्यात राहिले. सरकारी नकाशावर रेघ ओढली गेली, तरी सोयरिकी काही तुटल्या नाहीत. आजही भालकीच्या बाजारात भाव मराठीत विचारला तर उत्तर मराठीतच येते. वसई-मुंबईकडील वाचकांना हा मुलूख दूरचा वाटतो. आम्हा सीमेलगत राहणाऱ्यांस पुण्यापेक्षा बीदर कितीतरी जवळ.

यंदाच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील एका गवंड्याचे कुटुंब तीन दिवसांच्या सहलीस निघाले. नवरा-बायको, तीन मुले आणि शहात्तर वर्षांची आजी. थोरली मुलगी दहावी उत्तीर्ण झालेली. इतिहासाच्या बाईंनी तिला महमूद गावानाच्या मदरशाविषयी सांगितले होते आणि तेवढी एक वास्तू पाहण्याचा हट्ट तिने वर्षभर धरला होता. वडिलांनी त्यासाठी वेगळे पैसे बाजूला ठेविले. 'फादर, तुम्ही असले की लोक नीट बोलतात,' असे म्हणून त्यांनी आम्हांसही बरोबर घेतले. हे वाक्य त्या वेळी आम्ही सहज ऐकून सोडले होते.

उदगीरहून बीदरला रेल्वेही जाते, पण वेळ सोयीची म्हणून आम्ही एस.टी.ने निघालो. तिकिटाची एक गंमत येथेच सांगून टाकतो. महाराष्ट्राच्या बसमध्ये मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे तिकीट आहे व पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस २०२२ पासून प्रवास मोफत आहे. मात्र ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच. पलीकडे कर्नाटकात जून २०२३ पासून साध्या बसमध्ये स्त्रियांना मुळीच तिकीट नाही. पण ते त्या राज्याच्या रहिवासी स्त्रियांनाच. तेव्हा आमच्या आजी सीमेपर्यंत फुकट आल्या आणि पुढील अंतराचे त्यांचे तिकीट पडले. 'म्हंजे रेघ ओलांडली की म्या तरणी झाले व्हय?' असे त्यांनी कंडक्टरला विचारले, त्यावर तो बिचारा काय बोलणार! खर्चाचा अंदाज बांधताना मात्र ही गोष्ट ध्यानात धरावी.

बीदरला उतरलो तो दुपार कलली होती. एका परिचिताने एका जुन्या धर्मशाळेचे नाव दिले होते. ते येथे देण्याचे प्रयोजन नाही. जागा स्वच्छ होती, ऐसपैस होती, अंगणात नळ होता. व्यवस्थापकाने आमच्या पांढऱ्या झग्याकडे पाहून नमस्कार केला व वही उघडली. गवंड्याने आडनाव सांगितले. व्यवस्थापकाने लेखणी थांबविली आणि विचारले, 'म्हणजे आपण कोण?' 'ख्रिस्ती,' असे उत्तर मिळाले. 'ते झालं हो. त्याआधी?' गवंडी काही बोलला नाही. क्षणभराने वही मिटली. खोल्या भरल्या असल्याचे आम्हांस सांगण्यात आले. आम्ही बोचकी उचलून फाटकापर्यंत येतो न येतो तोच मागाहून आलेल्या दुसऱ्या कुटुंबास किल्ली मिळाली, हे थोरल्या मुलीने पाहिले. तिने आम्हांस काही विचारले नाही. तिने विचारले असते तर बरे झाले असते.

आम्ही गवंड्यास म्हणालो की हे मुकाट्याने सोसण्याचे कारण नाही. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले येथे जातीच्या कारणावरून कोणास मज्जाव करण्याची मनाई केलेली आहे. आणि १९५५ चा जो कायदा पुढे १९७६ साली नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने दृढ करण्यात आला, त्यात तर धर्मशाळा, सराई व मुसाफिरखाना यांचा नावानिशी उल्लेख आहे. हे सारे त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, 'फादर, पोरायच्या सहलीत पोलीस ठाणं कशाला? तीन दिस हायेत. त्यातला एक तिथंच जाईल.' त्याच्या हिशेबास आम्हांजवळ उत्तर नव्हते. मात्र कायदा येथे मुद्दाम लिहून ठेविला आहे. ज्याच्या हाती तीनाहून अधिक दिवस असतील त्याने तो वापरावा.

तेथून ऑटोरिक्षा केली ती थेट नानक झिरा साहिब गुरुद्वारात. गुरू नानकदेव दक्षिणेच्या यात्रेत येथे आले असता लोकांस गोड पाणी मिळत नव्हते, तेव्हा त्यांनी पावलाने दगड सारला व झरा फुटला, अशी शीख बांधवांची श्रद्धा आहे. झरा आजही तांबड्या जांभ्याच्या खडकातून अखंड वाहतो. नांदेडच्या हजूर साहिबला येणारे यात्रेकरू पुढे येथे येतात, म्हणून निवासाची सोय मोठी आहे. कार्यालयात आधार कार्ड पाहिले, माणसे मोजली, डोके झाकण्यास सांगितले, आणि नाममात्र रकमेत खोली दिली. दुसरा प्रश्न नाही. लंगरात आजींना खाली बसवेना, तर एका सेवेकऱ्याने न सांगता बाकडे आणून दिले. जेवताना आम्ही मुलांना सांगितले की १६९९ साली गुरू गोविंदसिंगांनी जे पहिले पाच जण आपले 'प्यारे' म्हणून निवडले, त्यांतील भाई साहिबसिंग याच बीदरचे, आणि परंपरा सांगते की ते जातीने न्हावी होते. थोरलीने मान वर करून पाहिले व पुन्हा डाळीची वाटी पुढे केली.

आमच्या ख्रिस्तसभेतही संत बेनेडिक्टच्या नियमावलीचे एक संपूर्ण प्रकरण, त्रेपन्नावे, पाहुण्यांच्या स्वागतासाठी खर्ची पडलेले आहे आणि आलेल्या प्रत्येकाचे स्वागत ख्रिस्त समजून करावे असा त्याचा आशय आहे. सेमिनरीत आम्ही ते अभ्यासले. पण वाचक आम्हांस पत्रे लिहून विचारतात की, 'फादर, परगावी चर्चमध्ये उतरता येईल का?', तेव्हा खरे उत्तर असे की बहुतेक ठिकाणी येत नाही. इकडील धर्मग्रामे लहान. एखादी सभागृहाची फरशी, एक धर्मगुरू, एक स्वयंपाकी. न कळविता सहा माणसे दारात उभी राहिली तर तो बिचारा काय करील? आपल्या धर्मगुरूंचे पत्र आगाऊ पाठविल्यास निदान विश्वासाची जागा तरी कळते. यापलीकडे अपेक्षा धरू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मदरसा पाहिला. इराणातील गिलान प्रांताचा हा महमूद गावान; व्यापारासाठी आला आणि बहामनी राज्याचा वजीर झाला. १४७२ मध्ये पूर्ण झालेल्या या विद्यालयात विद्यार्थ्यांसाठी छत्तीस खोल्या होत्या, अध्यापकांसाठी वेगळी दालने होती, आणि राहणे-जेवणे विद्यार्थ्यास विनामूल्य होते. दूरदेशीचा विद्यार्थी आधी निजेल कोठे, मग शिकेल काय, हे त्या परदेशी माणसाने ओळखले होते. १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या कारस्थानावरून सुलतानाने त्याचा शिरच्छेद करविला. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग उडाला; दोहोंपैकी एक मनोरा उरला, त्यावर निळ्या-हिरव्या चिनी फरश्यांचे तुकडे अजून चमकतात. थोरली मुलगी खोल्या मोजीत फिरत होती. पडलेल्या भागातल्या कशा मोजाव्यात, असा तिचा प्रश्न होता.

बीदर–कलबुर्गी रेल्वेमार्ग ऑक्टोबर २०१७ मध्ये पुरा झाला, सुमारे एकशेदहा किलोमीटरांचा. त्यापूर्वी हुमनाबादवरून बसच काय ती. गाड्या थोड्या आहेत, म्हणून वेळ आदल्या दिवशीच स्थानकावर विचारून घ्यावी. वाटेत मरगुत्तीचा बोगदा लागतो. कमलापूरची लाल केळी प्रसिद्ध आहेत, ती मिळाल्यास अवश्य घ्यावीत.

कलबुर्गीस, म्हणजे २०१४ पर्यंतच्या गुलबर्ग्यास, आम्ही लॉज शोधला, आणि येथे काही व्यवहाराच्या गोष्टी सांगणे भाग आहे. पाट्या कानडीत असतात. एखाद्यास वाचावयास सांगितल्यास तो 'वसतिगृह' असे वाचील. आपल्याकडे वसतिगृह विद्यार्थ्यांचे. तिकडे त्याचा अर्थ लॉज. उलट 'हॉटेल' म्हणजे बहुधा चहा-इडलीचे दुकान. जेवणासाठी 'खानावळी' ही पाटी पाहावी; शब्द आपलाच आहे, आणि ज्वारीची भाकरी व शेंगाचटणीही आपलीच. मुंबई–चेन्नई मार्गावरील हे मोठे स्थानक असल्याने परतीची गाडी ज्यांची पहाटेची असेल त्यांनी स्थानकाजवळ राहावे. ज्यांना बसने गाणगापूर वा बसवकल्याण करावयाचे असेल त्यांनी मध्यवर्ती बसस्थानकाजवळ. दोन्हींच्या मधोमध राहणे म्हणजे दोन्हीकडे रिक्षाचे भाडे. रिक्षावाल्याने नेलेल्या लॉजचा दर थोडा चढा असतो, कारण त्याचे दलाली त्यातच असते. म्हणून बोचकी व म्हातारे माणूस स्थानकाच्या प्रतीक्षालयात बसवून एकाने पायी जाऊन तीन जागा पाहाव्यात.

दर विचारण्यापूर्वी दिवस कसा मोजतात ते विचारावे. काही लॉजांत चोवीस तासांचा दिवस असतो, काहींत दुपारी बारास खोली सोडावी लागते. सायंकाळी पोहोचणाऱ्या कुटुंबास पहिल्यात पुष्कळ लाभ होतो. खोली तळमजल्यावरची वा जिना सोपा असलेली, आणि रस्त्याच्या मागील अंगाची मागावी, नाहीतर बसचे भोंगे रात्रभर उशाशी. कमोड आहे का, गरम पाणी किती वाजता येते, जादा गादीचे किती, हे तोंडाने विचारून घ्यावे. यात संकोच कसला? कराबाबतही घोटाळा होतो. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर पूर्वी कर नव्हता. जुलै २०२२ पासून बारा टक्के लागू झाला आणि सप्टेंबर २०२५ पासून तो पाच टक्क्यांवर आला. कोणी जुना आकडा सांगून पैसे मागू लागल्यास पावती मागावी. रेल्वेच्या मोठ्या स्थानकांवर विश्रांतिकक्षही मिळतात, पण त्यासाठी पक्के वा आरएसी तिकीट हवे, आणि सहा माणसांस एक कक्ष पुरत नाही.

आम्हांस जी खोली मिळाली तीत तीन खाटा व एक गादी होती. मालकाने वहीत नावे लिहिली, सर्वांची ओळखपत्रे पाहिली आणि एवढेच विचारले की आजींना इंग्लिश संडास लागतो का. गवंड्याने आमच्याकडे पाहिले. 'इथं फादर नसते तरी चाललं असतं,' असे तो हसत म्हणाला.

रविवारी सकाळी कलबुर्गीच्या कथीड्रलमध्ये कानडी मिस्सा ऐकिली. गुलबर्गा धर्मप्रांत २००५ साली स्थापन झाला. शब्द कळत नव्हते, पण कोठे उभे राहावे, कोठे गुडघे टेकावे हे आजींस आमच्या आधी कळत होते. नंतर किल्ला व त्यातील १३६७ ची जामा मशीद. हिंदुस्थानातील बहुतेक मोठ्या मशिदींस असते तसे मोकळे अंगण तिला नाही, सगळी छताखाली, त्यामुळे भर दुपारीही मुले तेथे सुखाने हिंडली. बंदानवाज यांच्या दर्ग्यासही गेलो.

जाणाऱ्यांनी तिथी मात्र पाहून निघावे. दर्ग्याच्या उरुसात व होळीनंतरच्या शरणबसवेश्वराच्या रथोत्सवात कलबुर्गीत खोली मिळणे कठीण. बीदरला गुरू नानक जयंतीस, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेस, तीच गत. गाणगापुरास पौर्णिमा, गुरुवार व दत्तजयंती टाळावी; एरवी तेथे पुजाऱ्यांच्या घरीही उतरण्याची जुनी पद्धत आहे. हुमनाबादजवळच्या माणिकनगरातही यात्रेकरूंची सोय होते. माणिकप्रभूंनी एकोणिसाव्या शतकात आपल्या संप्रदायास 'सकलमत' असे नाव दिले ते सर्व मतांचा मान राखण्यासाठीच. आणि कलबुर्गीतील रुग्णालयांभोवतीचे लॉज सहलीच्या माणसांनी शक्यतो सोडून द्यावेत. तेथे खेड्यापाड्यांतून आलेले रुग्णांचे नातेवाईक आठवडे काढीत असतात, आणि त्यांना दुसरीकडे जाता येत नाही.